एकादशीचं ताट आणि यांची झोप

आषाढी एकादशी, रात्री पावणेअकरा

हे झोपलेत. मास्कमधून श्वासाला हवा देणाऱ्या मशीनचा बारीक आवाज चालू आहे. तीन महिन्यांपूर्वी याच वेळी मी अंधारात आकडे मोजत पडलेली असायचे. घोरणं मध्येच थांबायचं. छाती हलतेय, पण नाकाशी बोट धरलं तर हवा लागत नाही. एकदा तेविसापर्यंत मोजलं होतं. मग घुसमटल्यासारखा आवाज, कूस बदलणं आणि पुन्हा घोरणं. सकाळी यांना त्यातलं काही आठवायचं नाही. डोकं मात्र जड, आणि दुपारी पेपर हातात धरून डुलक्या.

झोपेच्या तपासणीत तासाला 28 वेळा श्वास अडतो असं निघालं. या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. 5 च्या आत असेल तर ठीक, 30 च्या वर गेलं की तीव्र. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरते. मानेत आणि जिभेच्या मुळाशी चरबी साठली असेल तर हवेची वाट मिटते. डॉक्टरांनी मास्क दिला आणि वजन उतरवायला सांगितलं. तेव्हा हे म्हणाले, "आपण तर अंडंसुद्धा खात नाही, आणखी काय सोडायचं?" मलाही ते पटलं होतं.

मग लेकीने एका अभ्यासाबद्दल सांगितलं. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या 14,210 लोकांच्या खाण्याची माहिती तपासली, 2024 मध्ये ती छापून आली. ज्यांच्या ताटात वनस्पतीजन्य पदार्थ सर्वांत जास्त, त्यांना या आजाराचा धोका 19 टक्क्यांनी कमी दिसला. पण जे वनस्पतीजन्यच, तरी मैदा, साखर, गोड पेयं आणि खारट चटकमटक यांवर राहतात, त्यांचा धोका 22 टक्क्यांनी जास्त! त्या लोकांची रात्रभराची तपासणी झाली नव्हती, घोरणं, थकवा, मानेचा घेर असल्या प्रश्नांवरून अंदाज बांधलेला. त्यामुळे हे खाल्लं म्हणून श्वास मोकळा झाला, असं त्यावरून म्हणता येत नाही. तरी तो दुसरा आकडा वाचला आणि माझ्या डोळ्यांसमोर आमचाच स्वयंपाकघरातला फडताळ आला. टोस्ट, खारी, फरसाण, दिवसाला चार कप गोड चहा. सगळं शाकाहारी.

आणि एकादशी! साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, तळलेल्या पापड्या, वर राजगिऱ्याचा लाडू. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे सासूबाई हसत म्हणायच्या. आमच्याकडे ते अगदी खरं होतं.

आज सकाळी प्रथमच साबुदाणा भिजवला नाही. रताळी उकडली, वरीचा भात थोडासाच केला, दाण्याची आमटी आणि काकडी. हे ताटाकडे बघत राहिले. "अगं, खिचडी?" मी म्हटलं, "अहो, पुढच्या वेळी एक वाटी करीन." काही बोलले नाहीत. आमटी मात्र दोनदा मागून घेतली. मला भरून आलं, कारण खिचडी हा त्यांचा लहानपणापासूनचा जीव की प्राण.

एरवी आता रात्री ज्वारीची भाकरी, मटकी नाहीतर मुगाची उसळ आणि एक पालेभाजी. साडेसातला जेवणं आटोपतात. तूप, ताक मी बंद केलेलं नाही, करणारही नाही. वजन 89 वरून 85 वर आलंय. शर्टाचं वरचं बटण परवा सहज लागलं, तेव्हा आरशासमोर उभे राहून त्यांनी मला हाक मारून दाखवलं.

"आता मशीन सोडू का?" असं गेल्या आठवड्यात विचारत होते. मी साफ नाही म्हटलं. पुन्हा तपासणी होईल, डॉक्टर सांगतील, तोवर मास्क लावूनच झोपायचं. भाजीभाकरीने काय होतंय ते हळूहळू होऊ दे, पण रात्री हवा आजच लागते.

आत्ता उठून पाहिलं. मास्कचा पट्टा कानाजवळ थोडा वळला होता, तो सरळ केला. सवयीने मोजायला लागले. चारच्या पुढे एकदाही जावं लागलं नाही. उद्या बारस, सकाळी पुरणाऐवजी मुगाचं वरण आणि अळूची भाजी करायची. अळू आठवणीने लवकर आणायला हवं.