आईचं लिव्हिंग विल आणि वृद्धाश्रमातली रात्रपाळी

आईचा पार्किन्सन्स वाढला, घास गिळताना ठसका लागू लागला, तेव्हा तीच म्हणाली, "नाकात नळी घालून मला ठेवायचं नाही. लिहून घे कुठेतरी."

लिहून घेणं सोपं निघालं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये लिव्हिंग विलला, म्हणजे पुढे स्वतः सांगता येईनासं झालं तर कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायला, मान्यता दिली, तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. २०२३ च्या आदेशाने ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. नोटरी वृद्धाश्रमातच आले. आई समजून-उमजून सही करतेय असं डॉक्टरांचं पत्र आधीच घेतलं होतं. सक्तीचं नाही, पण पुढे कुणी शंका काढायला नको. तिच्या वतीने बोलायला तिने माझं आणि दादाचं नाव घातलं. दादा अमेरिकेहून फोनवर भडकला, "तुम्ही आईला सोडून द्यायला निघालात!" आई म्हणाली, "ते कुठे निघालेत? मी निघालेय."

विलची एक प्रत डॉक्टरांना दिली, एक पालिकेतल्या कस्टोडियनकडे, म्हणजे अशी विलं जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे. मुंबईचे डॉक्टर निखिल दातार यांच्या याचिकेनंतर राज्य सरकारने असे अधिकारी नेमले आहेत.

पण रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या मावशींनी काय करायचं? विल लागू होतं ते आजार बरा होण्यापलीकडे गेल्यावर, आणि तेही रुग्णालयातल्या दोन वैद्यकीय मंडळांनी होकार दिल्यावर. घशात घास अडकला तर ते कामाचं नाही. म्हणून मेट्रन आणि डॉक्टरांबरोबर बसून एका पानाचा साध्या मराठीतला कागद केला. घास अडकला, पडली, हाड मोडलं, तर लगेच रुग्णालय. ताप किंवा न्यूमोनिया झाला तर आधी आश्रमाच्या डॉक्टरांना फोन, मग मला. औषधं, सलाइन, ऑक्सिजन चालेल. खाणं सुटलं तर नळी नाही, चमच्याने जेवढं जाईल तेवढं. दुखत असेल तर औषधात हात आखडायचा नाही.

व्यवस्थापक बिचकत होते. "उद्या पोलीस आले तर?" रास्त भीती होती. या कागदाला विलचं वजन नाही, हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं. नोटरी केलेली प्रत त्याच फायलीत लावली, तेव्हा ते तयार झाले.

दिवाळीनंतर आईने बदल करवला: सलाइनही नको, हात काळेनिळे होतात. नवं पान लावून मेट्रननी जुनं माझ्यासमोर फाडलं. फायलीत दोन पानं राहिली की रात्रपाळीला नेमकं जुनं हाताला लागतं, असा त्यांचा अनुभव.