आजीच्या शास्त्रातलं पान

शरणपूर रोडवरच्या घरात आजीचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, अजून आहे. योहानाच्या शुभवर्तमानातल्या ८व्या अध्यायाचं पान तिच्या बोटांनी मऊ पडलंय: दगड घेऊन आलेली माणसं, व्यभिचाराच्या आरोपाखाली मधोमध उभी केलेली बाई आणि जमिनीवर बोटाने लिहिणारा येशू.

कॉलेजात असताना कळलं, की इ. स. ४थ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या बायबलच्या दोन्ही जुन्या हस्तलिखितांत ही गोष्टच नाही. त्याहून जुन्या पपायरसांत, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या प्रतींतही नाही. ५व्या शतकातल्या, बेझा नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रीक-लॅटिन प्रतीत आहे; काही प्रतींत तर ती लूकच्या २१व्या अध्यायाच्या शेवटी सापडते! मला रडूच आलं होतं. आज वाटतं, कुणा लेखनिकाला ती गमवायची नव्हती, म्हणून त्याने तिला जागा शोधली.

आजीला हे सांगायचं राहून गेलं.