गप्प आहे की निवांत?

"शेपटी हलवतोय, भुंकत नाहीये, एका जागी बसलाय. म्हणजे निवांत आहे ना?" कुत्रं पाळणारे, पाळायचं ठरवणारे, कुणाचं तरी कुत्रं चार दिवस सांभाळायला घेतलेले, सगळे मला फिरून फिरून हेच विचारतात. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

याचं उत्तर मला तांबीकडून मिळालं. ती आमच्याकडे आली तेव्हा दोन वर्षांची होती. पहिले आठ दिवस पलंगाशेजारच्या कोपऱ्यात बसून असायची. भुंकणं नाही, कुरतडणं नाही, दिलं ते खायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी कौतुकानं सांगायचे, किती गुणी आहे बघा. नवव्या दिवशी माझ्या भाचीनं तिच्या गळ्यात हात टाकला आणि तांबीनं हवेत दात वाजवले. कुणाला लागलं नाही. पण त्या रात्री मी ते आठ दिवस एकेक करून आठवत बसले. चारही पाय अंगाखाली घेऊन ती बसायची, पटकन उठून पळता येईल अशी. तोंड घट्ट मिटलेलं. जवळून कुणी गेलं की मान जागच्या जागी आणि नुसते डोळे फिरायचे, कडेला पांढऱ्याची कोर दिसायची. समोर खायला काही नसताना नाक चाटायची, झोप आलेली नसताना जांभया द्यायची. हे सगळं मी रोज बघत होते. ती गप्प होती, निवांत मात्र एक क्षणही नव्हती.

नाक चाटणं, जांभई, तोंड फिरवून घेणं या खुणांकडे नॉर्वेच्या प्रशिक्षक टूरिड रुगास यांनी जगाचं लक्ष वेधलं. अर्थात झोपून उठल्यावरची जांभई ही नुसती जांभईच. सुटी खूण धरून बसू नका, तिच्या आगेमागे काय चाललंय तेही बघा.

मग निवांत कुत्रं ओळखायचं कसं? मी आधी खुबा बघते. ताठ बसलेल्या कुत्र्याचे दोन्ही मागचे पाय सारखे दुमडलेले असतात. मन स्वस्थ झालं की खुबा एका बाजूला कलतो, मागचे पाय एकीकडे निघतात. तसं बसल्यावर उठायला एक क्षण जास्त लागतो, आणि तो क्षण गमवायची त्याची तयारी असते. कुशीवर पाय ताणून झोपणं ही त्याच्या पुढची पायरी.

तोंडाचं म्हणाल तर ओठ सैल, जबडा किंचित उघडा. धाप लागलेली असेल तर ओठांचे कोपरे बघा. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास पंजांच्या तळव्यांनाच, म्हणून अंग थंड करायला ते धापा टाकतं. पळून आल्यावर किंवा उकाड्यात ते अगदी योग्य. पण गारव्यात, बसल्या जागी धापा चालल्यात, ओठ मागे ओढले गेलेत आणि गालाला चुण्या पडल्यात, तर काहीतरी बिनसलंय. ती भीती असू शकते किंवा दुखणंही. अशा वेळी "हसतोय बघ" म्हणून फोटो काढणारी माणसं दिसली की मला फार वाईट वाटतं.

आता शेपटी. २००७ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी ३० कुत्र्यांच्या शेपट्यांचं चित्रीकरण तपासलं. मालक दिसल्यावर शेपटी उजवीकडे जास्त जात होती, अनोळखी दांडगा कुत्रा दिसल्यावर डावीकडे. म्हणजे हलणाऱ्या शेपटीचा अर्थ दर वेळी एकच नसतो. डावं-उजवं आपल्याला घरबसल्या कळणं अवघड, पण ताठरपणा नक्की दिसतो. उंच उभारलेली, टोकाशी भरभर थरथरणारी शेपटी हा इशारा असू शकतो. खुशीतली शेपटी मोठे हेलकावे घेते आणि कंबरही सोबत हलते. पगची शेपटी मुळातच गुंडाळलेली, काहींची मुळातच वर असते. म्हणून आपल्या कुत्र्याची एरवीची शेपटी कशी असते ते ओळखून ठेवा.

उताणं पडणंही दोन तऱ्हांचं. पाय कसेही लोंबतायत, तोंड सैल आहे, अंग वेडंवाकडं पसरलंय, तर मजेत आहे. शेपटी पोटाशी, ओठ मिटलेले आणि अंग आखडलेलं असेल, तर ते "मला काही करू नका" म्हणतंय. तिथे पोटाला हात लावू नका.

शंका आली तर मी एक करते. तीनेक सेकंद छातीला खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. अंग रेलून किंवा नाकानं हात ढकलून ते आणखी मागतं, नाहीतर मान वळवून तसंच बसतं. मान वळवली की पुरे, उठायचं. आणि गुरगुरलं तर रागावू नका, ही माझी कळकळीची विनंती. दटावून गुरगुरणं बंद होतं, भीती जात नाही. पुढच्या वेळी इशारा न देताच दात लागतात.

तांबीच्या बाबतीत मी एवढंच केलं की तिच्या कोपऱ्याकडे जाणं सोडलं. भाचीलाही सांगितलं, लांब बसून चित्रं काढ, तिच्याकडे टक लावून बघू नकोस. पाचव्या आठवड्यात एका दुपारी तांबी कोपरा सोडून खोलीच्या मध्यावर आली. बसली. थोड्या वेळानं खुबा कलला, मग खांदा टेकला, मग नाकातून एक लांब सुस्कारा आला आणि चारही पाय सरळ झाले. वरचा ओठ गळून खालचे दोन दात दिसत होते. मी जागची हलले नाही, बसल्या बसल्या तिच्या बरगड्या बघून श्वास मोजले. मिनिटाला अठरा. पंजे झोपेत फुरफुरायला लागले तेव्हा भाची कुजबुजली, "मावशी, शेपटी बघ ना."

झोपेतच ती फरशीवर हळूहळू आपटत होती.