बागेचा ठराव झाला

आजच्या ग्रामसभेत आमच्या वॉर्डातल्या बागेचा विषय शेवटी आला. तुटलेला झोपाळा, गाजरगवत, अन् मे महिन्यात ४५ डिग्रीत सावलीला एकच कडुनिंब. ग्रामसेवकांनी समजावलं, वित्त आयोगाच्या शिफारशीनं केंद्राकडून गावाला येणाऱ्या निधीतला मोठा भाग पाणी-स्वच्छतेलाच बांधलेला. बाग बसवायची ती उरलेल्या पैशांत, आणि तिथं रस्ता, नाली आधीच रांगेत. मी हिरमुसलो.

तेवढ्यात मागून एक आजी उठल्या, "नाली तं होईनच बाप्पा, पण पोट्टे खेळतीन कुठी?" सभा गप्प. मग हात वर झाले.

आता जागेचे कागद, अंदाजपत्रक, जिल्हा नियोजन समितीकडं निधीसाठी वेगळा अर्ज. झोपाळ्याआधी मी बोअर मागणार आहे. पाण्याविना इथं रोप पहिला उन्हाळाही काढत नाही.