तुम्ही विचारलंत म्हणून : साक्ष कुठून सुरू करायची?

"आळीत आमचं एकच ख्रिस्ती घर. आमच्या वागण्यातून लोकांना ख्रिस्त दिसावा म्हणून नेमकं काय करायचं?" उपासना सुटल्यावर हा प्रश्न हमखास येतो. दारावर वचन लावा, नाताळाचा फराळ वाटा, असं काहीतरी ऐकायची तयारी असते. माझं उत्तर रुक्ष आहे : आधी देणीघेणी बघा.

गवंडी, रंगारी, धुणीभांडी करणाऱ्या मावशी. मजुराची मजुरी दिवस मावळायच्या आत द्यावी, असं बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकातलं २४:१५ हे वचन सांगतं. गाडं अडतं ते "सुट्टे नाहीत, उद्या बघू" इथे. म्हणून मजुरी कामाआधी ठरवा आणि सुट्टे आदल्या दिवशीच काढून ठेवा. फोनवरून पाठवणार असाल तर खातं कोणाचं ते विचारा. पुष्कळदा ते मुलाचं नाहीतर मुकादमाचं निघतं, आणि राबणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. मावशींच्या आजारपणाचे खाडे कापू नका.

मग जुनी बाकी. "देवाने क्षमा केली, आता पैसे कशाला?" ही पळवाट फार चालते. बायबलमध्येच लेवीय ६:५ मध्ये हिशेब स्वच्छ आहे : लुबाडलेली मुद्दल पूर्ण, वर तिचा पाचवा हिस्सा. ५,००० दाबले असतील तर ६,००० परत. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने चौपट देऊ केलं ते आपणहून. तेवढ्यावर कोणी अडून बसत नाही. एकरकमी जमत नसेल तर हप्ते आणि तारखा कागदावर लिहून द्या. ज्याचे पैसे तो वारला असेल तर जवळच्या नातलगाला द्यावेत आणि तसा कोणी नसेल तर ते याजकाकडे जावेत, अशी सोय गणना ५:८ मध्ये आहे. म्हणजे "आता द्यायचे कोणाला?" हेही कारण उरत नाही.

पैसे परत करायला जाल तेव्हा धर्मप्रचाराची पत्रकं, प्रार्थनासभेचं आमंत्रण काही नेऊ नका. समोरच्याला लगेच वाटतं, याचं काहीतरी काम आहे. रक्कम द्या, चूक कबूल करा, उठा. त्याने "आत्ताच कसं सुचलं?" असं विचारलंच तर मात्र गुळमुळीत बोलू नका. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) विचारणाऱ्याला सौम्यपणे उत्तर द्यायला सांगितलंय, आणि त्याला दोन वाक्यं पुरतात.