वीस नळ आणि लागर एकच

लंडनच्या बर्मंडसी भागात रेल्वेच्या कमानींखाली छोट्या ब्रुअरींची रांगच लागली आहे. शनिवारी दुपारी तिथे इतकी गर्दी उसळते की कोपरं अंगाशी आवळून, ग्लास छातीशी धरून उभं राहावं लागतं. मला गर्दीचा मनापासून तिटकारा. पण माझा मावसभाऊ अनिकेत जर्मनीतल्या न्यूरेंबर्गहून मुद्दाम आला होता, म्हणून गेले. आम्ही शिरलो त्या जागेच्या फळ्यावर वीसेक बिअर होत्या. आयपीए, डबल आयपीए, हेझी आयपीए, पेल एल, पोर्टर, स्टाउट, फळं घातलेल्या आंबट बिअर, बहुतेक सगळ्या एल, म्हणजे उबेत झटपट होणाऱ्या. थंडाव्यात सावकाश मुरणारी, म्हणजे लागर, एकच, आणि तिच्यावर खडूने आडवी रेघ मारलेली.

"संपली," काउंटरवरचा मुलगा म्हणाला.

"पुढची कधी?"

"दीड महिना तरी धरा. टाकीत आहे अजून. तोवर ही घ्या ना, लागरसारखीच आहे." आणि त्याने एक फिकट एल पुढे केली.

मला राग आला. मला लागर आवडते. स्वच्छ, सोनेरी, भाजल्या धान्याचा हलका वास असलेली, शेवटी हॉप्स या फुलांचा कडवटपणा जिभेवर ठेवून जाणारी. ती मागितली की क्राफ्ट बिअरच्या, म्हणजे छोट्या ब्रुअरींच्या बिअरच्या, ठिकाणी 'सुरुवातीला बरी असते' असं हमखास ऐकावं लागतं, जणू लागर पिणाऱ्याला अजून चव कळायची आहे. मोठ्या कंपन्यांची लागर तर जगात कुठेही मिळते. छोट्या ब्रुअरीने मन लावून बनवलेली मात्र शोधत फिरावी लागते. इंग्लंडमधल्या त्या संपूर्ण मुक्कामात हाच अनुभव आला. मँचेस्टर, शेफील्ड, सगळीकडे एलचा पूर. त्यातल्या काही फार सुंदर होत्या, हे मान्य. शेफील्डमधल्या बाकी दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, पाऊस होता.

पण 'टाकीत आहे अजून' हे त्या मुलाचं उत्तर डोक्यातून जाईना, कारण सगळं कारण त्या तीन शब्दांत होतं. एलला आंबवणारं यीस्ट १५ ते २२ अंशांत काम करतं, आठवड्याभरात साखर संपवतं आणि दोन-तीन आठवड्यांत बिअर नळाला लागते. लागरचं यीस्ट ८ ते १२ अंशांत संथपणे काम करतं, आणि त्यानंतरही ती बिअर शून्याच्या आसपास निदान चार-सहा आठवडे मुरू द्यावी लागते. एका टाकीतून लागरची एक खेप निघेस्तोवर एलच्या तीन निघतात. ज्याच्याकडे टाक्याच चार आहेत, भाडं दर महिन्याला द्यायचं आहे, वर थंडाव्याचं वीजबिल आहे, तो काय निवडणार? आणि गिऱ्हाईक लागरला जास्त पैसे द्यायला तयार नसतं, कारण कंपनीची लागर स्वस्तात मिळते हे त्याला ठाऊक असतं.

शिवाय क्राफ्टवाले बरेचसे घरी बिअर बनवता बनवता या धंद्यात आलेले. घरच्या खोलीच्या तापमानाला एल होते, लागर होत नाही. इंग्लंडात १९७१ मध्ये काम्रा ही संघटना उभी राहिली ती पिंपातल्या जिवंत एलसाठी. त्या लोकांसमोर शत्रू म्हणून उभी होती ती कारखान्यातली बेचव लागर. ते भांडण योग्यच होतं. पण त्यात चांगल्या लागरचाही बळी गेला असं मला वाटतं. फिकट लागर बनवणं अवघडही आहे. माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातून, उकडलेल्या मक्यासारखा वास राहिला किंवा यीस्टने लोण्यासारखी चव सोडली, तर ती झाकायला त्यात काहीच नसतं. हॉप्सने ठासून भरलेली एल पुष्कळ काही झाकते.

अनिकेत म्हणाला, "ताई, तू चुकीच्या देशात शोधतेयस. माझ्याकडे चल."

गेले. बाम्बेर्गला श्लेंकेर्ला या ब्रुअरीची धुरकट बिअर प्यायले. बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला माल्ट, लाकडी पिंपातून थेट ग्लासात. पहिल्या घोटाला धुराशिवाय काही कळत नाही, तिसऱ्या ग्लासाला धूर मागे सरतो आणि माल्ट पुढे येतो. ही चक्क लागर आहे, हे क्राफ्ट बारमध्ये लागरला नाकं मुरडणाऱ्यांना सांगावंसं वाटलं. आउफझेस नावाच्या गावाला गेलो, तिथे वस्ती दीड हजाराच्या आसपास आणि ब्रुअरी चार. २००१ मध्ये त्यासाठी त्याचं नाव गिनीज बुकात गेलं. चारही ब्रुअरींना जोडणारी सुमारे १४ किलोमीटरची पायवाट आहे. ती पुरी केली आणि दुसऱ्या दिवशी पाय उचलवत नव्हते. या भागात गव्हाची बिअर सोडली तर एल जवळजवळ दिसतच नाही. लंडनच्या बरोब्बर उलट. आणि इथल्या एकाही गावात फळ्यावर क्राफ्ट हा शब्द वाचला नाही.

पण हे सगळं लिहायला बसले ते विंडिशएशेनबाखसाठी.

हे गाव चेक सीमेजवळच्या ओबरफाल्झ भागात आहे. न्यूरेंबर्गहून वायडेनला आणि तिथून पुढच्या गाडीने थोडंसं. भूगर्भशास्त्रज्ञांना ते माहीत आहे ते खोल बोअरसाठी. जमिनीत ९१०१ मीटर खाली जाऊन १९९४ मध्ये ते खोदकाम थांबलं. बिअर पिणाऱ्यांना ते माहीत आहे त्सॉइगल या घरोघरच्या लागरसाठी. गावाची एक सामाईक भट्टी आहे. बिअर बनवायचा हक्क माणसाला नसतो, घराला असतो, आणि जमिनीच्या दप्तरात तशी नोंद असते. शेजारच्या नॉयहाउसला हा हक्क १४१५ पासून आहे. हक्काच्या घरातला माणूस भट्टीचं भाडं भरतो, लाकडाच्या जाळावर माल्टचा अर्क उकळतो, हॉप्स घालतो, तो अर्क रात्रभर उघड्या पसरट टाकीत निववतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्या घरच्या तळघरात नेतो. यीस्ट घालणं, आंबवणं, मुरवणं सगळं तिथे. म्हणजे भट्टी एक, अर्क सारखा, आणि बिअर मात्र घराघराची वेगळी.

ती विकायची पाळी ठरलेली असते. आज या घराची, पुढच्या आठवड्यात त्या घराची. एकेका घराची पाळी साधारण महिन्यातून एकदा येते आणि बहुधा शुक्रवार ते सोमवार असते. ज्याची पाळी त्याने दारावर सहा टोकांची चांदणी टांगायची. एक त्रिकोण आग, पाणी आणि हवेचा, दुसरा पाणी, माल्ट आणि हॉप्सचा, असं तिथले लोक सांगतात.

आम्ही संध्याकाळी पोचलो. एका उतरत्या गल्लीत काठीला बांधलेली चांदणी भिंतीतून रस्त्यावर आली होती. खाली मोठं लाकडी दार, आत फरसबंद अंगण, आणि अंगणापलीकडे बहुधा पूर्वी गोठा असावा अशी बुटकी खोली. खोली माणसांनी भरलेली. गर्दीचा तिटकारा आहे असं वर लिहिलंय, पण ही गर्दी बसलेली होती, आणि तेवढ्याने फार फरक पडतो. लांब बाकांवर आजोबा, शाळकरी मुलं, बूट चिखलाने भरलेले सायकलवाले, सगळे एकमेकांना चिकटून. रिकामं टेबल अर्थातच नव्हतं. आम्ही दारात घुटमळतोय हे बघून एका म्हातारबुवांनी बाकावर हात आपटला. "बसा की! जागा आहे," अनिकेतने भाषांतर केलं, पण हातावरूनच कळलं होतं.

कुणी काही विचारलं नाही. एप्रन बांधलेली घरधनीण आली आणि अर्ध्या लिटरचे दोन ग्लास आमच्यापुढे ठेवून गेली. बिअर एकच, तर विचारायचं काय? लंडनमध्ये वीस नावं वाचून मला हवं ते मिळालं नव्हतं. इथे एकही नाव न वाचता ते समोर येऊन उभं राहिलं.

रंग गडद मधाचा, किंचित गढूळ, कारण गाळलेली नाही. फेस जाड. गॅस कमी, त्यामुळे घोट जिभेवर टोचत नाही, पसरतो. आधी पावाच्या करपट कवचाची चव, मग थोडा गोडवा, मग हॉप्सचा साधा कडवटपणा, आणि तो जायच्या आत पुढचा घोट घ्यावासा वाटतो. सोबत लाकडी फळीवर थंड मांस, चीज, काकडी आणि काळा पाव. लंडनच्या एका पाइंटच्या पैशात इथे दोन ग्लास सहज येतात. हा फरक मी आठवण म्हणून लिहून ठेवलाय.

अनिकेतने घरमालकाला सांगितलं, "माझी ताई लागर शोधत हिंडतेय." तो हसला नाही. हात पुसले आणि म्हणाला, "तळघर बघायचंय का?"

पायऱ्या अरुंद आणि ओल्या होत्या. खाली दगडी कमानीचं तळघर, श्वासाची वाफ दिसेल इतकं गार. उजव्या हाताला उघडी टाकी, तिच्यावर पांढरा-तपकिरी फेस, कडेला थोडा काळपट झालेला. त्याने तो काळपट भाग पसरट चमच्याने उचलून बाजूला टाकला. तो ठेवला तर कडूपणा उतरतो, म्हणाला. लागरचं यीस्ट म्हणजे मुळात संकर आहे. एक पालक एलचं यीस्ट, आणि दुसरा, ज्याच्यामुळे याला थंडी सोसते, तो पॅटागोनियाच्या जंगलात सापडल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं. मी हे त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि थर्मामीटर दाखवला. त्याला आकडा महत्त्वाचा होता.

डाव्या हाताला मुरवायच्या टाक्या, आणि प्रत्येकीवर खडूने तारीख. वर आम्ही जी पीत होतो तिची तारीख तीन महिन्यांपूर्वीची होती. मी विचारलं, टाक्या लवकर रिकाम्या करून जास्त विकावंसं वाटत नाही का? तो म्हणाला, "माझी पाळी महिन्यातून एकदा येते. घाई करून ती कुणाला पाजू?"

मला वाटतं, सगळ्या शोधाचं उत्तर मला तिथे मिळालं. लागर छोट्या माणसाला परवडत नाही असं नाही. तिला वेळ लागतो, आणि तो वेळ कुणीतरी सोसावा लागतो. लंडनमध्ये तो एकट्या ब्रुअरीवाल्याच्या माथी येतो. इथे अख्ख्या गावाने तो आपसात वाटून घेतलाय. भट्टी सामाईक, घर स्वतःचं, तळघराला भाडं नाही, वेटर नाही, वीस नळ नाहीत, आणि बहुतेकांचा रोजचा पोटापाण्याचा उद्योग वेगळाच. म्हणून तिथे चांगली लागर आहे आणि स्वस्त आहे. ही घडी उचलून दुसऱ्या शहरात बसवता येईल असं मला वाटत नाही, आणि याचं वाईट वाटतं.

जाणार असाल तर तिथल्या पाळ्यांचं कॅलेंडर आधी बघा. मधल्या वारी गेलात तर गाव गपगार असतं. आम्ही फिरून त्याच घरी जायला निघालो तोवर पाळी संपून चांदणी उतरली होती. दार बंद, आत कुणीतरी बाक धूत होतं. मला ते अजिबात आवडलं नाही, मला तीच बिअर हवी होती.

पुढे श्वांडॉर्फला गाडी बदलून सीमेपलीकडे चेक देशातल्या पिल्झेनला गेलो. इथल्या नागरिकांनी १८३८ मध्ये खराब बिअरची ३६ पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली, मग नवी ब्रुअरी बांधली आणि बव्हेरियाहून योसेफ ग्रोल या बिअर बनवणाऱ्याला आणलं. बव्हेरियात १५५३ पासून उन्हाळ्यात बिअर बनवायला बंदी होती, त्यामुळे थंडीत काम करणारं यीस्ट तिथल्या लोकांच्या हातात मुरलेलं. ग्रोलने ते ज्ञान, फिकट माल्ट, झाटेत्सचे हॉप्स आणि पिल्झेनचं मऊ पाणी एकत्र आणलं आणि १८४२ मध्ये पिल्सनर ही सोनेरी लागर जन्मली. त्या ब्रुअरीच्या तळघरात लाकडी पिंपातून न गाळलेली पिल्सनर पाजतात. ती उत्तम आहे, हे सांगायला मला जराही संकोच नाही, मालक कितीही मोठी कंपनी असो. मात्र चाळीसेक माणसांच्या घोळक्यात ग्लास हातात पडतो आणि तो संपायच्या आत वाटाड्या पुढे हाकतो. मला तिथे बसायचं होतं.

प्रागमध्ये वेगळीच गंमत बघायला मिळाली. तिथल्या नव्या क्राफ्ट बारच्या फळ्यावर पुन्हा आयपीए, पेल एल, आंबट बिअर. लागरच्या देशात! एका छोट्या ब्रुअरीच्या तरुण मालकाला मी विचारलंच. तो म्हणाला, "लागर इथे प्रत्येक कोपऱ्यावर मिळते, आणि चांगली मिळते. तीच मी बनवली तर माझ्याकडे कोण येईल?" बरोबर होतं त्याचं. इंग्लंडात लागर कारखान्याची म्हणून नको, इथे रोजची म्हणून नको. दोन्हीकडे फळा सारखाच भरतो, कारणं मात्र उलटी.

त्याची पेल एल घेतली. चांगली होती, नीट बनवलेली, हॉप्सचा वास ताजा. मग मी टाक्या किती आहेत ते विचारलं. तीन होत्या, तिन्हींत एल. हिवाळ्यात गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा एक टाकी लागरला द्यायचा विचार आहे, म्हणाला, पण दोन महिने अडकून पडेल याची धास्ती वाटते. मी त्याला त्सॉइगलच्या त्या घरमालकाबद्दल सांगितलं, खडूच्या तारखांबद्दल सांगितलं. त्याने ते गाव कुठे आहे ते विचारून घेतलं. सीमेपलीकडे, फार लांब नाही, असं अनिकेतने सांगितलं, आणि कॅलेंडर शोधून त्याच्या फोनवर पाठवलं.