ट्यूब नंबर चारचा निकाल : आईला अकरा, मुलींना दहा

मंडळी, पावसाळ्यात सापडलेल्या मुंग्यांच्या राण्या मी एकेका ट्यूबमध्ये ठेवून वाढवतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मागच्या वेळी मी छातीठोकपणे लिहिलं होतं की ट्यूब नंबर चारमधली राणी कॅरेबारा या मुंग्यांच्या गटातली आहे. ते शब्द मागे घेतो. काल, ११ जुलैला, पकडल्यापासून सत्ताविसाव्या दिवशी तिच्या पहिल्या नॅनिटिक, म्हणजे नव्या राणीच्या पहिल्या खेपेच्या छोट्या कामकरी मुंग्या, बाहेर आल्या. सात आहेत की आठ, मोजू देत नाहीत. त्यांनी माझी सगळी मांडणी उधळून लावली.

आधी ट्यूब एक ते तीन उरकतो. तिन्ही मुंगळ्याच्याच, म्हणजे कॅम्पोनोटस कम्प्रेसस. काळ्या, धिप्पाड, कमरेला एकच गाठ, त्यामुळे ओळखायला कष्ट नाहीत. एक आणि तीनमध्ये कोश दिसताहेत. दोनमधलीने अंडी खाऊन टाकली. चूक माझीच, रोज टॉर्च मारून बघत होतो. आता तिघींना जुन्या मोज्यात गुंडाळून माठाच्या तिवईखाली ठेवलंय. अमळनेरात पाऊस पडला तरी खोली ३३ अंशांच्या खाली यायला तयार नाही, आणि घरात माठाजवळच काय तो गारवा.

आता चार नंबर.

१४ जूनच्या संध्याकाळी पहिला दमदार पाऊस झाला. ओट्यावरच्या ट्यूबलाइटखाली उधईच्या पंखांचा खच पडला होता आणि पाली भिंतीवर सुस्त होऊन बसल्या होत्या. उधईला कंबर नसते आणि चारही पंख एका मापाचे असतात, हे एकदा डोळ्यांत बसलं की त्या गर्दीतूनही मुंगी वेगळी काढता येते. ही मात्र दिव्याखाली नव्हतीच. शेवग्याच्या बुंध्याशी, पंख आधीच टाकून, बीळ शोधत फिरत होती. तांबूस, व्हर्नियरवर साडेसात मिलिमीटर, छाती फुगीर, पंख तुटल्याच्या खुणा स्पष्ट, कमरेला दोन गाठी. पुढे ट्यूबमध्ये प्युपा उघडेच दिसले, कोश नाही. म्हणजे मिरमिसिनी हे मुंग्यांचं उपकुळ, इथवर वाद नव्हता.

घोळ सुरू झाला तो मिशांपासून. आपली की, म्हणजे लक्षणांवरून मुंगी ओळखायचा तक्ता, सगळ्यांना पाठ आहे : मिशीचे खंड दहा आणि टोकाला दोन खंडांचा क्लब, म्हणजे फुगीर शेंडा, तर सोलेनॉप्सिस, बारा आणि तीनचा क्लब, तर फायडोली. जिवंत राणीची मिशी मोजणं म्हणजे धावत्या एसटीवरची पाटी वाचणं. मोबाइलला लावायची मॅक्रो लेन्स मागवली होती, ती तर घेऊच नका. मध्यभागी जेमतेम स्पष्ट आणि कडेला सगळं इंद्रधनुष्य. शेवटी जळगावच्या सराफ्यातून दहापट मोठं दाखवणारं, सोनाराचं भिंग आणलं. वस्तू एक नंबर, पण राणी स्थिर बसेल तर ना! एकदा दहा मोजले, एकदा बारा, एकदा मोजता मोजता तिने मिशीच दुमडून घेतली.

मग आठवलं की दुसऱ्या दिवशी सकाळी ओटा झाडताना अशीच एक मेलेली राणी सापडली होती, पालीने अर्धवट सोडलेली. ती मी सॅनिटायझरच्या बाटलीत टाकून ठेवली होती. तिची मिशी चिमट्याने काढून पारदर्शक चिकटपट्टीवर आडवी चिकटवली आणि ओळखीच्या शिक्षकांकडून शाळेचा मायक्रोस्कोप दोन दिवसांसाठी आणला. ही युक्ती मात्र लिहून ठेवा, जिवंत राणीला न छळता काम होतं. मोजले. अकरा. परत मोजले, अकरा. भाच्याला काही न सांगता मोजायला लावले, तोही म्हणाला अकरा.

दहा नाही, बारा नाही, अकरा! आणि माझ्या कीमध्ये अकराच्या खणात कॅरेबारा बसली होती. झालं, मी लेबल चिकटवून मोकळा. कॅरेबारा डायव्हर्साची राणी दोन सेंटिमीटरच्या घरात असते आणि ही साडेसात मिलिमीटर, हे दिसत नव्हतं असं नाही. पण 'लहान जातीतली असेल' अशी मीच माझी समजूत घातली. प्रोपोडियमवर, म्हणजे छातीच्या मागच्या भागावर, काटे नव्हते, तेही नजरेआड केलं. नवी राणी मिळाल्याचा हर्ष वाईट असतो.

काल एक नॅनिटिक कापसाच्या बोळ्यात अडकून मेली, तिला मायक्रोस्कोपखाली घेतलं. जेमतेम दोन मिलिमीटरचा जीव. मिशीचे खंड दहा, क्लब दोनचा, पाठ बिनकाट्याची. निखळ सोलेनॉप्सिस! पाच मिनिटं मी नुसता बसून राहिलो. आईला अकरा आणि मुलींना दहा कसे? मग उलगडलं. आपण वापरतो त्या की कामकरी मुंग्यांसाठी केलेल्या असतात. या गटात कामकरीला दहा खंड, राणीला अकरा आणि नराला बारा. माझी मोजणी तिन्ही वेळा बरोबर होती, रकाना चुकला होता. मायक्रोस्कोपला नाही नाही ते बोललो, त्याबद्दल त्याची माफी.

तर ही सोलेनॉप्सिस जेमिनाटा, फाब्रिसियस या कीटकशास्त्रज्ञाने १८०४ मध्ये नाव दिलेली आग्या मुंगी. मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. सोळाव्या शतकात आकापुल्को ते मनिला जाणाऱ्या स्पॅनिश जहाजांतून ती आशियात पोचली, असं तिच्या जनुकांवरून मांडलं गेलंय. मिरचीही तिकडचीच, पण तिने निदान नंदुरबारचा बाजार उभा केला. हिने काय केलं? हिने मला चावे काढले. नळाजवळच्या ओल्या मातीत वारूळ करून राहणारी 'लाल मुंगी', जिच्यामुळे पाय लालबुंद होतात, ती हीच निघाली. आज सकाळी तिथल्या चार पकडून मोजल्या. दहा, दोनचा क्लब, आणि मध्येच दाणे फोडणारी ती मोठ्या डोक्याची मेजर, म्हणजे थोराड कामकरी. वर्षानुवर्षं जिच्या शेजारी चप्पल घालून उभा राहतोय, तिच्याच राणीला मी दुर्मीळ म्हणून माठाखालची जागा दिली!

आजीला हे सांगायला गेलो. महिनाभर ती रोज विचारत होती, "सापडनी का रे तुनी राणी?" आज म्हणाली, "नळपन तर शेच ना!" म्हणजे नळाजवळ तर आहेच की. आजीला की लागत नाही.

हे लिहिता लिहिताच पुढच्या मोसमाचा बेत बदलतोय. राणी पकडून मग ओळखत बसण्यापेक्षा, मे महिन्यातच परसातल्या प्रत्येक वारुळातल्या दोन-दोन कामकरी छोट्या बाटल्यांत भरून ठेवायच्या, नावासकट. राणी मिळाली की आधी घरच्या यादीशी ताडायचं. डायकॅमा या मुंगीची बाटली सोडून, अर्थात. तिची राणी मी दोन पावसाळे शोधली आणि नंतर कळलं की त्या जातीत राणी नसतेच, कामकरीच अंडी घालते.

चार नंबरची ट्यूब धुळ्याच्या मित्राला द्यायचं कबूल केलं होतं, ते आता रद्द. आग्या मुंगी गावोगाव वाटायची नाही आणि बागेत तर मुळीच सोडायची नाही. मेजर कधी दिसू लागतात तेवढं बघायचा मोह आहे, म्हणून निसटू नयेत यासाठी ट्यूबच्या तोंडाला टाल्कम आणि सॅनिटायझरचा लेप दिलाय. त्यानंतर फ्रीझरमध्ये घालून संपवायच्या. पण फ्रीझर आईचा आहे आणि त्यात सध्या मटार आहेत. परवानगीचं बोलणं चालू आहे.